विंड रिव्हर रांगेत सात दिवसांचं स्क्रॅम्बलिंग: अस्वलांच्या मुलखात जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातली विंड रिव्हर रांग डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीच्या मराठी ट्रेकरांना गाडीने एका दिवसात गाठता येते. पुण्या-मुंबईहून सुट्टीला येणारे मित्र-नातेवाईकही हल्ली त्यांच्यासोबत निघतात. इथली उत्तरं एका ठरावीक वाटेसाठी आहेत: एल्कहार्ट पार्क, सेनेका लेक, आयलंड लेक, फ्रीमाँट शिखर, टिटकम्ब बेसिन, नॅपसॅक खिंड, पीक लेक, शॅनन पास आणि परत एल्कहार्ट. दुसऱ्या रांगेत जाणार असाल तर तिथले नियम वेगळे असतील.

१. स्क्रॅम्बलिंग म्हणजे नेमकं काय? सह्याद्रीतला ट्रेक आणि यात फरक काय?

अमेरिकेत चढाईची श्रेणी १ ते ५ अशी मोजतात. १ म्हणजे पायवाट. २ म्हणजे दगडांच्या खचातून चालणं, हात अधूनमधून टेकवायचे. ३ मध्ये हाताने पकड घेतल्याशिवाय वर सरकता येत नाही. ४ मध्ये चढाई फार अवघड नसते, पण सुटलात तर वाचण्याची खात्री नाही, म्हणून बरेच जण दोर लावतात. ५ म्हणजे प्रस्तरारोहण. स्क्रॅम्बलिंग म्हणजे २ ते ४, आणि या वाटेवर बहुतेक २, फ्रीमाँट शिखराच्या वरच्या अंगाला ३.

अलंग-मदनचे कातळटप्पे केलेल्यांना श्रेणी ३ किरकोळ वाटते. मात्र तिथे अवघड टप्पा संपला की पुन्हा पायवाट लागते. इथे टेबलाएवढे, कधी फ्रिजएवढे दगड तासन्‌तास ओलांडायचे असतात आणि त्यातला एखादा पायाखाली डुगडुगतो. गुडघा मुरगळतो तो इथेच, शिखरावर नव्हे.

२. सात दिवस कसे विभागायचे?

एकूण अंतर शिखर धरून साधारण ६५ ते ७० किमी. पहिल्या दिवशी एल्कहार्ट पार्क (सुमारे २,८५० मीटर) ते सेनेका लेक. दुसऱ्या दिवशी आयलंड लेकवरून इंडियन बेसिनच्या तोंडाशी. हा दिवस मुद्दाम लहान ठेवा. तिसऱ्या दिवशी फ्रीमाँट शिखर (सुमारे ४,१९० मीटर), चौथ्या दिवशी टिटकम्ब बेसिनच्या वरच्या टोकाला, पाचव्या दिवशी नॅपसॅक खिंड (सुमारे ३,७०० मीटर) ओलांडून पीक लेक. सहाव्या दिवशी शॅनन पासवरून जीन लेक्स करत पुन्हा सेनेकाच्या परिसरात, आणि सातव्या दिवशी गाडीपाशी.

राखीव दिवस वेगळा दाखवलेला नाही. हवा बिघडली तर फ्रीमाँट सोडून द्यायचा, तोच तुमचा राखीव दिवस. खिंडीच्या दिवसात काटछाट करू नका.

३. कोणत्या महिन्यात जावं?

ऑगस्टचा पहिला आठवडा ते सप्टेंबरचा मध्य. जुलैच्या मध्यापर्यंत खिंडीवर भरपूर बर्फ असतो, आईस अ‍ॅक्स लागते आणि डासांनी जीव नकोसा होतो. ऑगस्टच्या शेवटी वेगळीच अडचण येते. नॅपसॅक खिंडीच्या पश्चिमेला ट्विन्स हिमनदीचा उरलासुरला तुकडा आहे. वरचा मऊ बर्फ वितळला की खालचा कडक, काळपट बर्फ उघडा पडतो. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स तेव्हा जवळ हवेतच.

सप्टेंबरमध्ये गर्दी आणि डास दोन्ही कमी होतात, पण शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि अस्वलंही थंडीआधी दिवसभर खात सुटलेली असतात. त्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

४. परवाना लागतो का?

ही वाट ज्यातून जाते त्या ब्रिजर अरण्यात खाजगी गटाला मुक्कामाचा परवाना लागत नाही. गट १५ जणांपेक्षा मोठा नको. अन्न अस्वलाच्या हाती लागणार नाही असं ठेवण्याचा आदेश मात्र ब्रिजर-टीटन राष्ट्रीय वनात लागू आहे, आणि तो मोडला तर दंड होतो. आदेशाच्या तारखा आणि हद्द बदलत असतात, त्यामुळे पाइनडेल गावातल्या रेंजर कार्यालयात जाऊन ताजा कागद बघा. रांगेच्या पूर्वेकडे विंड रिव्हर आदिवासी राखीव प्रदेश आहे. तिथे पाऊल टाकायला वेगळा परवाना लागतो. ही वाट तिकडे जात नाही, पण "पूर्वेकडून लवकर उतरू" असा बेत नकाशावर बघून आयत्या वेळी करू नका.

५. इथे कोणती अस्वलं आहेत? मेळघाटातल्या अस्वलासारखीच का?

काळं अस्वल सगळीकडे आहे. ग्रिझली (मोठं तपकिरी अस्वल) विंड रिव्हर रांगेच्या उत्तर भागात जास्त, पण हळूहळू दक्षिणेकडे पसरते आहे. तेव्हा दोन्ही आहेत असं धरूनच तयारी करायची. आपलं मेळघाट-ताडोब्यातलं अस्वल वाळवी आणि मोहाच्या फुलांवर जगतं आणि तंबूतल्या पिशव्यांच्या मागे सहसा लागत नाही. इथल्या अस्वलाला माणसाचं खाणं एकदा मिळालं की ते पुन्हा येतं, आणि असं सोकावलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं.

ओळखताना रंगावर जाऊ नका. काळं अस्वल तपकिरी, अगदी दालचिनीच्या रंगाचंही असतं. खांद्यावर उंचवटा, बशीसारखा आत दबलेला चेहरा, आखूड गोल कान आणि लांब नखं असतील तर ग्रिझली. काळ्याचा खांदा सपाट, नाकाची रेघ सरळ आणि कान उभे.

६. झाडं नसलेल्या उंचीवर, नुसत्या दगडांत अस्वल कशाला येईल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यामागचा समज चुकीचा आहे. उन्हाळ्यात मैदानातून लाखो पतंग या भागातल्या उंच डोंगरांत येतात आणि दिवसा दगडांच्या फटींत लपून बसतात. चरबीने भरलेले हे पतंग खायला ग्रिझली दगड उलथत घसाऱ्यावर चढते. हे प्रामुख्याने शेजारच्या अ‍ॅब्सारोका रांगेत दिसतं. पण खिंडी या अस्वलांच्याही ये-जा करण्याच्या वाटा आहेत. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला तुम्हाला जी सोपी जागा दिसते तीच त्यांनाही दिसते.

७. बेअर स्प्रे कोणता घ्यावा आणि कुठे बांधावा?

बेअर स्प्रे म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा. डब्यावर "बेअर स्प्रे" असंच लिहिलेलं हवं. माणसांसाठीचा मिरची स्प्रे चालत नाही. किमान २२५ ग्रॅमचा डबा, किमान सहा सेकंद फवारा आणि साडेसात मीटरच्या वर पल्ला. मुदत संपल्याची तारीख पाहा, कारण आतला दाब कमी होत जातो. गटात चार माणसं असतील तर चार डबे. विमानात तो हातातल्या सामानात नाही आणि चेक-इनमध्येही नाही, म्हणजे पाइनडेलला पोहोचल्यावरच घ्यायचा. तीच गोष्ट स्टोव्हच्या गॅसची. उन्हात बंद गाडीत ठेवू नका, फुटतो.

बांधायचा सॅकच्या कमरपट्ट्यावर किंवा छातीच्या पट्ट्यावर. सॅकमध्ये असलेला स्प्रे नसल्यातच जमा. स्क्रॅम्बलिंगमध्ये अडचण अशी की अरुंद नळीतून वर सरकताना कमरेचा डबा कातळाला घासतो आणि सुरक्षा क्लिप निसटू शकते. एका सेकंदाची चुकून झालेली फवारणीही डोळे बंद करायला पुरेशी असते, आणि श्रेणी ३ वर डोळे बंद होणं फार महागात पडतं. म्हणून अवघड टप्प्याआधी डबा छातीवर, क्लिप बाहेरच्या बाजूला अशी बदली करा. टप्पा संपला की प्रत्येकाने दुसऱ्याची क्लिप तपासायची.

८. तो वापरायचा कसा?

क्लिप अंगठ्याने मागे ओढून काढा. अस्वल साधारण नऊ मीटरवर आलं की तोंडाच्या किंचित खाली नेम धरून दोन सेकंद फवारा. त्याला ढगातून यावं लागेल असा पडदा तयार करायचा आहे. थांबलं नाही तर पुन्हा. निघण्याआधी सरावासाठी मिळणारा बिनमिरचीचा डबा दोनदा तरी वापरून बघा. घाबरलेल्या हातांना क्लिप सापडत नाही.

वारा तुमच्याकडे येत असेल तर थोडा तुमच्याही तोंडावर येणारच, तरी फवारा. अरुंद कडेवर असाल तर फवारल्यावर जागीच बसा, कातळ धरून ठेवा आणि डोळे उघडेपर्यंत हलू नका. अर्धा-पाऊण तास जळजळ राहते. भरपूर पाण्याने धुवा, चोळू नका.

९. स्प्रे तंबूभोवती मारून ठेवला तर? किंवा मिरची पूड टाकली तर?

उलटं होईल. हवेतला ताजा फवारा अस्वलाच्या डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतो. जमिनीवर वाळलेला थर मात्र त्याला नुसता कुतूहलाचा वास वाटतो, आणि ते हुंगायला येतं. घरच्या लाल तिखटाचंही तेच. तिखट पिठल्यात घाला आणि डब्यात ठेवा.

१०. कॅनिस्टर घ्यावाच लागतो का? झाडाला टांगून चालत नाही?

टांगायचं तर पिशवी जमिनीपासून किमान तीन मीटर वर आणि खोडापासून सव्वा मीटर लांब हवी. टिटकम्ब बेसिनमध्ये टांगायला झाडच नाही. त्यामुळे या वाटेवर बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला न उघडणारा कडक डबा, हाच एक व्यवहार्य पर्याय. सर्वांत प्रचलित मोठा डबा, बेअरव्हॉल्टचा बीव्ही ५००, साडेअकरा लिटरचा असतो आणि रिकामाच एक किलोच्या थोडा वर भरतो. काही दुकानांत भाड्याने मिळतो.

थंडीत त्याचं झाकण ताठ होतं. कडेच्या खाचेत जुनं प्लास्टिक कार्ड सरकवलं की सुटतं. हे घरी करून बघा. पहाटे साडेचारला गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही.

११. सात दिवसांचं खाणं साडेअकरा लिटरमध्ये बसतं?

दाबून बसवलं तर बसतं. माणशी दिवसाला ६५० ते ७०० ग्रॅम कोरडं खाणं, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. पहिल्या दिवशीचं दुपारचं आणि रात्रीचं जेवण डब्याबाहेर ठेवा. ते झोपण्याआधी संपलेलं असतं, आणि तोवर डब्यात टूथपेस्टपुरती जागा झालेली असते.

काय न्यावं हे आकारमानावर ठरतं. चुरमुरे आणि पातळ पोह्यांचा चिवडा म्हणजे पिशवीत भरलेली हवा. शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, खजूर, भाजलेल्या कणकेची सुकडी आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत तूप, हे कमी जागेत जास्त बळ देतं. बाजारी पाकिटं घरीच फोडून एकेका जेवणाच्या सपाट पिशव्या करा आणि शेवटच्या दिवसाच्या पिशव्या तळाशी घाला. ३,२०० मीटरवर पाणी सुमारे ८९ अंशांना उकळतं. तिथे तूरडाळ शिजत नाही, नुसता गॅस संपतो. तयार उपमा, कुस्कुस, आधी शिजवून वाळवलेली खिचडी किंवा मेतकूट घालून झटपट भात न्या.

१२. खाण्याशिवाय आणखी काय डब्यात ठेवायचं?

ज्याला वास आहे ते सगळं: टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, ओडोमॉस, अमृतांजन, खोकल्याच्या गोळ्या, ओला टिश्यू, कचऱ्याची पिशवी. सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे जॅकेटच्या खिशातला अर्धा लाडू. पाळीच्या वापरलेल्या वस्तू दुहेरी पिशवीत बांधून डब्यातच. पाळीच्या वासाने ग्रिझली खास ओढली जाते असा पुरावा मिळालेला नाही. त्यासाठी ट्रेक रद्द करायचं कारण नाही.

१३. तंबू, चूल आणि डबा यांत किती अंतर हवं? तेवढी सपाट जागा नसेल तर?

तिन्हींमध्ये साधारण ९० ते १०० मीटर, त्रिकोणात, आणि तंबू वाऱ्याच्या वरच्या बाजूला. डबा सपाट जागी, दगडांच्या बेचक्यात ठेवा. तलावाच्या काठावर किंवा उताराच्या कडेला ठेवला तर अस्वल तो उघडू शकत नाही, पण ढकलून घालवू शकतं. त्याला दोरी बांधू नका, ओढून न्यायला आयतीच मूठ मिळते. तलाव आणि पायवाटेपासून तंबू ६० मीटर लांब.

वरच्या बेसिनमध्ये कधी एका तंबूपुरतीच जागा सापडते. अशा वेळी मुक्कामाच्या एक-दोन किमी आधीच, संध्याकाळी पाचच्या सुमारास, स्वयंपाक आणि जेवण उरकून पुढे चाला. मुक्कामावर चूल पेटवायचीच नाही. आमच्या मते जागा असली तरी हीच पद्धत चांगली.

१४. वीज टाळायला पहाटे निघा म्हणतात, अस्वल टाळायला पहाट टाळा म्हणतात. मग करायचं काय?

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी वादळं येतात. शिखरावरून किंवा खिंडीतून बाराच्या आत खाली यायला हवं, म्हणजे साडेचार-पाचला निघणं आलं. अस्वलं पहाटे आणि संध्याकाळीच जास्त हिंडतात. यातून सुटका वेळ बदलून होत नाही, मुक्कामाची जागा बदलून होते.

अंधारात धोका आहे तो ओढ्याकाठच्या छातीएवढ्या विलोच्या झुडपांत. तिथे समोरचं दिसत नाही आणि पाण्याच्या आवाजात तुमची चाहूल लागत नाही. म्हणून आदल्या दिवशीच ही झुडपं ओलांडून त्यांच्या वर, उघड्या दगडांजवळ तंबू टाका. पहाटेचा हेडलॅम्पचा तास मोकळ्या जागेत जातो आणि झुडपं परतताना उजेडी लागतात. इंडियन बेसिनच्या तोंडाशी मुक्काम सुचवला आहे तो याच हिशेबाने. अकरापर्यंत माथा टप्प्यात नसेल तर परत फिरा.

१५. शिखरावर जाताना सॅक खाली ठेवली तर चालेल का?

चालेल, पण सगळं खाणं कुलूपबंद डब्यात आणि डबा सॅकच्या बाहेर, बराच लांब. सॅकच्या चेन उघड्या ठेवा. इथे अस्वलापेक्षा मार्मोट (दगडांत राहणारे, खारीच्या कुळातले मोठे प्राणी) जास्त नुकसान करतात. त्यांना घामाचं मीठ आवडतं, पट्टे आणि काठ्यांच्या मुठी कुरतडतात. सॅक मोठ्या दगडावर उभी टेकवा. स्प्रे मात्र सोबत शिखरावर न्या.

सॅक घेऊन चढायचं असेल, जसं नॅपसॅक खिंडीत, तर डबा मधोमध, उभा, पाठीला चिकटून भरा आणि भोवती कपडे कोंबा. वर किंवा मागे लटकवलेला पाच किलोचा डबा घसाऱ्यावर मागे ओढतो. खिंडीची पूर्वेची चढण खडी आणि सुट्या दगडांची आहे. एकाखाली एक न चढता तिरके पसरून चढा, आणि दगड निसटला की ओरडा.

१६. समोर अस्वल आलं तर?

दूर असेल तर ९० मीटरपेक्षा जवळ जाऊ नका, वळसा घाला किंवा थांबा. जवळ असेल तर पळू नका. ते ताशी ५० किमीहून वेगाने धावतं. एकत्र उभे राहा, शांत आवाजात बोला, स्प्रे हातात घ्या आणि हळूहळू मागे सरका.

ग्रिझलीने दचकून हल्ला केला आणि अंगावर आलीच, तर सॅक पाठीवर ठेवून पालथे पडा, बोटं गुंतवून मान झाका, पाय फाकवा आणि ती निघून गेल्यावरही काही मिनिटं हलू नका. काळं अस्वल अंगावर आलं तर मेल्याचं सोंग करू नका, नाका-डोळ्यांवर हाणा. रात्री तंबूत घुसणारं किंवा दबा धरून मागे येणारं अस्वल कोणतंही असो, त्याच्याशी झुंजायचं.

सप्टेंबरमध्ये कावळे घिरट्या घालताना दिसले किंवा कुजका वास आला तर तिथे शिकाऱ्याने सोडलेला कोथळा किंवा मेलेलं जनावर असू शकतं. आल्या वाटेने मागे फिरा. या महिन्यात भडक नारिंगी टोपीही घाला.

१७. खिंडीत किंवा नळीत, जिथे वळसा घालायला जागाच नाही, तिथे अस्वल दिसलं तर?

वाट त्याची. ते वर असेल तर त्याच्या पायाखालून दगड सुटतील, त्यामुळे नळीच्या रेषेतून बाजूला होऊन कातळाच्या आडोशाला जा. ते खाली असेल तर त्याची उतरायची वाट मोकळी राहील असे एका बाजूला सरका. त्याला कोंडीत पकडल्यासारखं वाटू देऊ नका आणि दगड मारू नका. पिल्लं दिसली तर त्या दिवशीची चढाई संपली.

१८. घंटा बांधावी का?

नको, तिचा आवाज फार पोचत नाही. वळणाआधी आणि ओढ्याजवळ गड चढताना देतो तशी खणखणीत हाक द्या. गप्पा मारत चालणारा चौघांचा गट सर्वांत बरा.

१९. उंचीचा त्रास किती होईल?

गाडी जिथे लावता तीच जागा कळसूबाईच्या माथ्याहून हजार-बाराशे मीटर उंच आहे. समुद्रसपाटीवरून थेट येणाऱ्यांनी पाइनडेलमध्ये (सुमारे २,१९० मीटर) दोन रात्री काढाव्यात. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर वर जाऊ नका. चालताना तोल जात असेल तर लगेच खाली उतरा, रात्र असली तरी.

२०. डबाच दरीत गेला किंवा कोणी जखमी झालं तर?

मोबाइलला रेंज नसते. गटात किमान एक उपग्रह संदेशयंत्र हवं. बचावपथक स्वयंसेवकांचं असतं, आणि वादळात हेलिकॉप्टर येत नाही. म्हणून एक रात्र उघड्यावर काढता येईल एवढे गरम कपडे प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवेतच.

डबा गेला तर पुढे जाऊ नका. आयलंड लेकपासून एल्कहार्ट साधारण १९ किमी आहे, उपाशीपोटीही एका दिवसात उतरता येतं. नॅपसॅक खिंड ओलांडल्यावर मात्र परतीला दोन दिवस लागतात. म्हणून खाणं दोन डब्यांत विभागून वेगवेगळ्या जागी ठेवलेलं बरं.

२१. उरलेल्या स्प्रेचं काय करायचं?

विमानात नेता येत नाही आणि कचऱ्यात टाकायचा नाही, कचरागाडीत दाबला गेला की फुटतो. न वापरलेला, मुदतीतला डबा एल्कहार्टच्या पार्किंगमध्ये वर निघालेल्या कोणालाही द्या, आनंदाने घेतात. अर्धवट वापरलेला असेल तर पाइनडेलच्या रेंजर कार्यालयात विचारा.